आमचे कोलकाता-दर्शन

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो, हे विधान आमच्या विद्यार्थ्यांनी सहलीवरील निबंधांत शेकडो वेळा लिहिले असेल, आणि आम्हीही त्यापुढे तांबड्या शाईने बरोबरची खूण केलेली आहे. परंतु गेल्या वर्षीच्या डिसेंबर महिन्यात कोलकाता शहरी एक संपूर्ण दिवस हिंडून सायंकाळी आम्ही जितके अडाणी ठरलो, तितके आयुष्यात क्वचितच ठरलो असू. ती हकीकत आज सांगावयाची ती केवळ वाचकांच्या करमणुकीसाठी नव्हे. शाळेची वार्षिक सहल जवळ आली आहे, तीसंबंधी पालकवर्गाकडून काही पत्रे आली आहेत, आणि त्या पत्रांना आमचे जे उत्तर आहे ते या हकीकतीवाचून नीट समजणार नाही.

शिक्षकांच्या एका परिषदेच्या निमित्ताने आम्हांस कोलकात्यास जाणे झाले. परिषद तीन दिवसांची होती. ती रविवारी संपत होती, व परतीची गाडी मंगळवारी सकाळी होती. मधला सोमवार तेवढा आमचा. या प्रवासात आमचे वृद्ध वडील आमच्याबरोबर होते. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, खेड्यापाड्यांतील शाळांवर त्यांनी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. एवढ्या काळात पुणे आणि मुंबई यांपलीकडे ते कधी गेले नाहीत. कोलकात्यास येण्याविषयी आम्ही विचारले तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता होकार दिला, आणि एवढेच म्हणाले, "तिकडचे श्रीरामपूर पाहता येईल. आपल्याकडच्या श्रीरामपुरास शंभर वेळा गेलो, ते एक राहिले आहे."

हे तिकडचे श्रीरामपूर हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्यापासून रेल्वेने सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. इंग्रजी पुस्तकांत त्यास सेरामपोर म्हणतात. १८४५ पर्यंत हे गाव डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. विल्यम केरी यांनी १८०० साली येथे बिऱ्हाड केले व सोबत्यांच्या साहाय्याने छापखाना घातला. हे केरी मूळचे इंग्लंडातील चांभार. पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवीत. मराठी त्यांना शिकविली ती नागपूरकडील वैजनाथ पंडितांनी. या गुरुशिष्यांच्या खटपटीतून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपुरास छापून निघाले, आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, त्यातील मराठी शब्द मोडी टाइपात. ज्या अगदी आरंभीच्या छापखान्यांतून आपली मराठी कागदावर उमटली त्यांपैकी एक असा हुगळीच्या काठी, मराठी मुलुखापासून इतक्या दूर होता. १८३४ साली केरी वारले. त्यांची कबर श्रीरामपुरासच आहे. मराठीचा तास घेण्यात जन्म गेलेल्या आमच्या वडिलांस तेथे एकदा उभे राहावयाचे होते. त्यांना कोलकात्यात दुसरे काहीही पाहावयाचे नव्हते.

परिषदेचे तीनही दिवस वडील उतारूगृहाच्या खोलीत बसून होते. सायंकाळी आम्ही परतलो की ते विचारीत, "सोमवार परवा ना?" मग, "सोमवार उद्या ना?"

आता आमचा पराक्रम ऐकावा. प्रवासी मंडळींची सोय पाहणाऱ्या एका संस्थेचे पत्रक आमच्या हाती आले होते. त्यात एका दिवसात पाहण्याजोगी कोलकात्यातील आठ स्थळे क्रमवार दिलेली होती. इतक्या लांब येऊन एकच गाव पाहून परतणे आम्हांस उधळेपणाचे वाटले. आमच्या मनात हिशेब असा की, भाडे तेवढेच, दिवस तेवढाच, मग आठ अधिक एक अशी नऊ स्थळे का न व्हावीत? आम्ही कागद घेतला व सुवाच्य अक्षरात यादी केली: दक्षिणेश्वर, बेलूर मठ, जोडासाँको येथील ठाकूरवाडी, मार्बल पॅलेस, भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया स्मारक, सेंट पॉलचे कथीड्रल, हावड्याचा पूल, आणि नववे श्रीरामपूर. श्रीरामपूर शेवटी का, तर पत्रकात ते नव्हते. जे आमच्या पदरचे ते तळाशी गेले. वडिलांनी यादी चष्मा लावून वाचली आणि काही न बोलता परत दिली.

सकाळी सातास दक्षिणेश्वरी पोहोचलो. राणी रासमणी यांनी १८५५ साली उभारलेले हे भव्य मंदिर, व त्याखालून वाहणारी विशाल नदी. आम्हांस वास्तू पाहावयाची होती. परंतु आमच्यापुढे हजारएक माणसांची रांग होती. दोन-अडीच तास रांगेत काढले. वडील तोवर घाटाच्या पायऱ्यांवर बसून नदीतील नावा पाहत होते. तेथून नावेने बेलूरला गेलो. मठ दुपारचे काही तास बंद असतो; आम्ही धक्क्यावर उतरलो तेव्हा माणसे बाहेर पडत होती व दारे मिटत होती. चार वाजता या, असे एका स्वयंसेवकाने अत्यंत विनयाने सांगितले. चार वाजता आमच्या यादीप्रमाणे आम्ही आठव्या स्थळी असावयाचे होते.

याच ठिकाणी वडिलांनी त्या दिवसातील आपली एकमेव सूचना केली. म्हणाले, "मास्तर, श्रीरामपूर याच काठावर आहे ना रे? येथून जवळ पडेल."

(ते आम्हांस चेष्टेने मास्तर म्हणतात. स्वतः छत्तीस वर्षे मास्तर असल्यामुळे त्यांस तो अधिकार आहे.)

आणि ते खरेच जवळ होते. बेलूरच्या उत्तरेस बाली स्थानक. तेथून उत्तरपाडा, हिंदमोटर, कोन्नगर, रिषडा, आणि पुढचेच स्थानक श्रीरामपूर. आम्ही निम्म्याहून अधिक वाट चालून आलो होतो. गाडी पकडली असती तर तासाभरात, भर दुपारच्या उजेडात, वडील तेथे उभे असते. आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "बाबा, ते शेवटी आहे. आता मधली स्थळे सोडली तर पुन्हा होणार नाहीत." वडील बरे म्हणाले.

टॅक्सी केली. ती पिवळी, जुन्या बांधणीची होती. या गाड्या जेथे तयार होत तो कारखाना त्याच हिंदमोटरला होता आणि २०१४ साली बंद पडला, हे तिच्या चालकाकडूनच कळले. हावड्याच्या पुलावर वाहने खोळंबली होती. पाऊण तास आम्ही त्या पुलावर होतो. चालक वयस्क बंगाली गृहस्थ होते. त्यांनी हिंदीत विचारले, कोठून आलात? महाराष्ट्रातून, असे वडिलांनी सांगताच ते मागे वळून खदखदून हसले व म्हणाले, "अरे बापरे, बर्गी!"

आम्हांस उमज पडेना. मग त्यांनी सांगितले की लहानपणी त्यांची आजी त्यांना झोपविताना बर्गी आले, बर्गी आले असे गाणे म्हणत असे. बंगालमधील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या मराठ्यांच्या स्वारांचे भय दाखवून निजविलेले आहे. वडिलांनी लगेच शब्द पकडला. "बर्गी म्हणजे आपला बारगीर! ज्याचे घोडे स्वतःचे तो शिलेदार, आणि ज्याला घोडे सरकारातून मिळते तो बारगीर." चालकास हे नवीन होते, आणि वडिलांस गाणे नवीन होते. दोघांचे संभाषण रंगले. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या भयाने कोलकात्याच्या लोकांनी नगराभोवती खंदक खणावयास घेतला. तो कधी पुरा झाला नाही. १७९९ साली त्याचा बराच भाग बुजवून त्यावर वर्तुळाकार रस्ता केला गेला. मराठा खंदकाच्या नावाची एक गल्ली बागबाजारकडे अजून आहे, असे चालक म्हणाले. पाहावयाची असल्यास नेतो, असेही म्हणाले. वडील त्यांस सांगत होते, "दादा, आमच्या नागपूरच्या बाजूने आधी बारगीर आले ते खरे. पण साठ वर्षांनी त्याच बाजूने एक पंडितही आला, लेखणी घेऊन. त्याला तुमच्या आजीने गाण्यात का नाही घातले?" चालक पुन्हा हसले.

आणि वाचकहो, आम्ही त्या वेळी काय करीत होतो? आम्ही घड्याळ पाहत होतो. शहर म्हणून जे काही असते ते त्या टॅक्सीत आमच्या शेजारी बसून बोलत होते, आणि यादीत नसल्यामुळे आम्हांस ते अडथळ्यासारखे वाटत होते. गल्ली पाहावयास वेळ नाही, असे आम्हीच चालकास सांगितले.

जोडासाँकोस, रवींद्रनाथांच्या जन्मगृही, दाराशी पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. दार बंद. पहारेकऱ्याने बोट दाखविले त्या फलकावर लिहिले होते की सोमवारी संग्रहालय बंद असते. तेथून जवळच मुक्ताराम बाबू रस्त्यावर मार्बल पॅलेस. तो सोमवारी व गुरुवारी बंद. मग चौरंगीवरील भारतीय संग्रहालय. १८१४ साली स्थापन झालेले हे आपल्या देशातील सर्वांत जुने संग्रहालय. भारहुत येथील स्तूपाचे दगडी कठडे तेथे आहेत, व इतिहासाच्या तासास आम्ही त्यांचे चित्र दरवर्षी दाखवितो. तेही सोमवारी बंद. आता आम्हांस संशय आला, आणि आम्ही खिशातून ते मूळ पत्रक काढले. तळाशी बारीक टाइपात एक ओळ होती की काही स्थळे सोमवारी बंद असतात. परीक्षेच्या दिवशी वर्गावर्गांतून फिरून, प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, तळटीपही वाचा, असे सांगणारे आम्हीच.

व्हिक्टोरिया स्मारकाकडे निघालो तर चालक वेगळाच रस्ता घेऊ लागले. आम्ही हरकत घेतली. तेव्हा कळले की येथील कित्येक रस्ते सकाळी एका दिशेने व दुपारनंतर उलट दिशेने चालू असतात. स्मारकाची इमारत सोमवारी बंद. बाग मात्र खुली. मकराण्याच्या संगमरवराची, १९२१ साली खुली झालेली ती शुभ्र वास्तू आम्ही तळ्यापलीकडून पाहिली. बाहेर कागदाच्या पुडीत झालमुडी घेऊन बाकावर बसलो. त्या दिवसाचे जेवण म्हणावयाचे ते एवढेच झाले. वडिलांच्या पायांस सूज आली होती. त्यांनी बूट सैल केले ते आम्ही पाहिले, परंतु पाहिले नाही असे केले.

कथीड्रल जवळच आहे. आत गारवा होता, शांतता होती. वडील एका बाकावर बसले आणि पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागला. आम्ही घड्याळाकडे पाहून त्यांना हलवून उठविले. कशासाठी? तर हावड्याचा पूल राहिला होता म्हणून. दुपारी ज्या पुलावर आम्ही पाऊण तास अडकून पडलो होतो तोच पूल! परंतु तेव्हा तो टॅक्सीतून पाहिला होता, आणि यादीवर खूण करावयाची तर उतरून पाहावयास हवा असे आमच्या मनाने घेतले. उतरलो, पाहिला. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल नदीच्या पात्रात एकही खांब न उभारता बांधलेला आहे. फार मोठे काम आहे यात शंका नाही. वडील कठड्याला धरून उभे होते.

साडेचार झाले होते. आमचा हिशेब असा की हावड्याहून अर्ध्या तासाची गाडी, म्हणजे सव्वापाच-साडेपाचास श्रीरामपूर. उजेड साडेसहापर्यंत असतोच. येथे आम्ही आमचा सर्वांत मोठा अपराध सांगतो. नववीच्या वर्गास रेखावृत्ते आणि स्थानिक वेळ हा पाठ आम्ही गेली अठरा वर्षे शिकवीत आहोत. पृथ्वीस एक रेखांश फिरावयास चार मिनिटे लागतात. आमचे गाव पूर्व रेखांश पावणेपंचाहत्तरच्या आसपास, कोलकाता सव्वाअठ्ठ्याऐंशीच्या पलीकडे. अंतर साडेतेरा अंश, म्हणजे चोपन्न मिनिटे. घड्याळ दोन्हीकडे एकच, कारण आपली प्रमाणवेळ एक. परंतु सूर्यास प्रमाणवेळ ठाऊक नाही. आमच्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तेथे पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. हे गणित आम्ही फळ्यावर किती वेळा सोडविले असेल! हावडा स्थानकाच्या फलाटावर, गाडीची वाट पाहत असता, नदीकडील आकाश तांबडे होऊन पाहता पाहता काळवंडले, तेव्हा आम्हांस ते आठवले.

गाडीस फार गर्दी होती. एका तरुणाने वडिलांस जागा दिली. बाली गेले, उत्तरपाडा गेले, हिंदमोटर गेले. दुपारी जेथून आम्ही माघारी फिरलो होतो ती स्थानके एकेक करून काळोखात मागे पडत होती. वडील खिडकीतून नावे वाचीत होते. श्रीरामपुरास उतरून बॅटरीवर चालणारी रिक्षा केली. दफनभूमीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा पूर्ण रात्र झाली होती, आणि फाटकास कुलूप होते. ते असणारच. सायंकाळनंतर कोण दफनभूमी उघडी ठेवतो? आजूबाजूस विचारपूस केली. उद्या सकाळी या, असे सांगण्यात आले. उद्या सकाळी आमची गाडी होती.

वडील फाटकाचे गज धरून थोडा वेळ आत पाहत राहिले. आत अंधाराखेरीज काही दिसत नव्हते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "चल मास्तर. गाडी चुकेल." आम्ही क्षमा मागू लागलो तर त्यांनी हाताने थांबविले.

येथवर हकीकत झाली. आता पालकांच्या पत्रांकडे वळू.

एका पालकांनी लिहिले आहे की शेजारच्या गावातील शाळा दोन दिवसांत अकरा स्थळे दाखविते, आणि तितक्याच वर्गणीत आपली शाळा यंदा केवळ वेरूळ दाखविणार. हा मुलांच्या पैशांचा अपव्यय नव्हे काय? दुसऱ्या एका मातेचे पत्र अधिक विचार करण्याजोगे आहे. त्या लिहितात की आमच्या मुलीस पुन्हा कधी कोणी सहलीस नेईल याची शाश्वती नाही, तेव्हा या एका खेपेस जितके डोळ्यांखालून जाईल तितके जाऊ द्या. पहिल्या पत्रास उत्तर देणे सोपे आहे. दुसरे पत्र आम्ही अनेक दिवस टेबलावर ठेवले होते. कारण त्यात जे लिहिले आहे ते खोटे नाही, आणि गरीब घरातील माणूस असेच बोलतो. आमच्याही मनात त्या पत्रकावरून यादी करताना हेच होते.

परंतु आमचे वडीलही एकदाच जाणारे होते. ज्यास वारंवार जावयाचे आहे त्याने खुशाल अकरा स्थळे धावत पाहावी; त्याचे चुकले तर तो पुन्हा येईल. ज्यास एकदाच जावयाचे आहे त्याला आधी कोणी तरी विचारले पाहिजे की बाबा रे, तुला काय पाहावयाचे आहे, आणि ते सर्वांत प्रथम, सकाळच्या उजेडात, पायांत बळ आहे तोवर दाखविले पाहिजे. आम्ही विचारले होते. उत्तरही मिळाले होते. ते उत्तर आम्ही नवव्या ओळीवर लिहिले.

दोन वर्षांपूर्वीची आपली सहल पालकांस आठवत असेल. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की, सर्व एका दिवसात. परतल्यावर मुलांनी निबंध लिहिले. ते चाळीस निबंध आम्ही तपासले. त्यांपैकी एकोणचाळीस निबंधांत स्थळांची नावे होती, ती भव्य आहेत असे होते, आणि आम्हांस फार मजा आली असे होते. वेरूळची लेणी कशी आहेत, या प्रश्नास एकानेही उत्तर दिले नव्हते. त्यांचा दोष नाही, कैलासापाशी त्यांस आम्ही अर्धा-पाऊण तासच दिला होता. चाळिसावा निबंध एका मुलाचा होता. तो पाणचक्कीपाशी मागे राहिला, हाका मारूनही येईना, म्हणून आम्ही त्याला सर्वांदेखत रागावलो होतो. त्याने दोन पाने लिहिले होते की दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून कसे आणले आहे, ते उंचावरून पडताना चाक कसे फिरविते, आणि त्या चाकाने जाते कसे फिरत असेल. खाली त्याने आकृती काढली होती, आणि तीत एक शंका विचारली होती, जिचे उत्तर आम्हांस देता आले नाही. त्यास आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. रागावल्याबद्दल क्षमा मात्र मागितली नाही. ती या लेखातून मागतो.

म्हणून यंदा एकच स्थळ. वेरूळ येथे एकंदर चौतीस लेणी आहेत. तीही सारी पाहावयाची नाहीत. सकाळी आठास तेथे पोहोचून दुपारपर्यंत केवळ कैलास, म्हणजे सोळावे लेणे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत आणून हे मंदिर घडविले. पाया आधी नव्हे, कळस आधी. हे वाक्य पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी मुलाने बाजूच्या उतारावरून वर जाऊन खाली पाहावे, पुन्हा खाली येऊन वर पाहावे, आणि मधल्या वेळात त्यास कोणी हाका मारू नयेत. दुपारी जेवणानंतर दहावे लेणे, ज्याच्या दगडी छतास लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. आणि मुले दमली नसतील तरच बत्तिसावे, जैनांचे. निघण्यापूर्वी आठ दिवस प्रत्येक विद्यार्थ्याने आपणांस तेथे कोणती एक गोष्ट पाहावयाची आहे ते चिठ्ठीवर लिहून द्यावयाचे आहे. हत्ती पाहावयाचे आहेत असे कोणी लिहिले तरी चालेल. कैलासाच्या चौथऱ्यास पाठीवर घेतलेले हत्ती पाहण्यात एक तास सहज जाईल. माकडे पाहावयाची आहेत असे लिहिणारेही दोघे-तिघे निघतील, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांचेही पाहू.

यात अडचणी आहेत. काही मुले तासाभरात कंटाळतील, आणि कंटाळलेली मुले सांभाळणे हे धावणारी मुले सांभाळण्याहून कठीण असते. आमचे सहकारी हे आम्हांस वारंवार बजावीत आहेत. पुढील वर्षी दौलताबाद का नाही, असेही विचारले जाईल. पुढील वर्षी दौलताबादच घ्यावे, व तेही एकटेच, अशी आमची सूचना आहे. शिल्लक राहील ती वर्गणी ज्यांस भरता आली नाही त्यांच्यासाठी वापरण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे, आणि त्या मातेच्या मुलीचे नाव यादीत पहिले आहे.

वडील आता फारसे हिंडत नाहीत. नातवंडांनी विचारले की कलकत्त्यास काय पाहिले (त्यांच्या तोंडी अजून कलकत्ताच आहे), तर ते टॅक्सीवाल्याची व बर्गींची गोष्ट सांगतात, आणि दक्षिणेश्वराच्या घाटावरून नदी कशी दिसते ते सांगतात. श्रीरामपूरचे नाव ते काढीत नाहीत. आम्हीही काढीत नाही. परवा सहलीचे परिपत्रक घरी नेऊन आम्ही त्यांस वाचून दाखविले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, मग म्हणाले, "वार कोणता आहे? वेरूळ मंगळवारी बंद असते."

आम्ही दिनदर्शिका काढून पाहिली. शुक्रवार आहे.